कालपर्यंत तर ठीक होते! वृद्धांना अचानक होणारा संभ्रम समजून घेताना

घरातलं वयस्कर माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागलं, की आजूबाजूची मंडळी तीनपैकी एक निदान करून मोकळी होतात. पहिलं, ‘वय झालं आता, चालायचंच.’ दुसरं, ‘विसरण्याचा आजार सुरू झाला वाटतं.’ तिसरं जरा दबक्या आवाजात, ‘डोक्यावर परिणाम झालाय.’ तिन्ही निदानांचा परिणाम एकच होतो: घाई करायची गरज कुणालाच वाटत नाही. वय काही मागे फिरत नाही, स्मृतिभ्रंश एका रात्रीत बरा होत नाही, मग दोन दिवस थांबून बघू, असं ठरतं. त्या दोन दिवसांत छातीतला संसर्ग वाढतो, रक्तातलं सोडियम आणखी उतरतं, लघवी तुंबून मूत्रपिंडांवर ताण येतो. खरा आजार हा असतो. बोलण्यातला गोंधळ ही त्याची फक्त वर्दी असते.

या अवस्थेला वैद्यकात डेलिरियम म्हणतात. मराठीत तीव्र संभ्रम म्हणू. शरीरात कुठेतरी काहीतरी बिनसतं आणि त्याच्या धक्क्याने मेंदूचं काम काही काळ विस्कटतं, एवढी साधी त्याची व्याख्या. रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धांत हे साधारण चारातल्या एकाला होतं. खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्यांत प्रमाण त्याहून जास्त असतं आणि अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर असलेल्यांत तर फारच जास्त. इतकी नेहमीची गोष्ट असूनही ती वारंवार नजरेतून सुटते, डॉक्टरांच्याही. कारण ती ओळखायची तर एक माहिती हाताशी लागते आणि ती रुग्णालयातल्या कुठल्याच यंत्रात नसते. हे माणूस एरवी कसं असतं, ही ती माहिती. ती तुमच्याकडे असते.

वेग आणि लक्ष

दोन खुणा पक्क्या धराव्यात. पहिली खूण वेगाची. संभ्रम काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उभा राहतो. ‘परवा बँकेचा हिशेब स्वतः पाहत होते, आज मुलीचं नाव आठवेना’ अशी ही घसरण असते. घरच्यांना बहुतेक वेळा ती कोणत्या दिवशी सुरू झाली हे सांगता येतं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशी बोट ठेवून दाखवता येत नाही. तो महिन्या-महिन्यांनी, वर्षा-वर्षांनी सरकत येतो.

दुसरी खूण लक्षाची. पुष्कळांना वाटतं, संभ्रमात स्मरणशक्ती जाते. खरं तर आधी जातं ते लक्ष. प्रश्न विचारला की उत्तर सुरू होतं आणि अर्ध्यावर भरकटतं. समोरच्याकडे पाहता पाहता नजर छताकडे जाते. आपण बोललेलं कानावर पडतं, पण मनात टिकत नाही आणि जे टिकलंच नाही ते आठवणार कसं? म्हणून डॉक्टर अशा वेळी वर्षातले महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगतात. ज्यांना ते अवघड आहे त्यांच्यासाठी आठवड्याचे वार उलटे. ही पाठांतराची परीक्षा नाही. एका कामावर मन किती वेळ धरून ठेवता येतं, हे त्यातून कळतं. शेकडो आठवणी शाबूत असलेलं माणूस संभ्रमात ‘नोव्हेंबर, ऑक्टोबर’पर्यंत येतं आणि मग आपण काय म्हणत होतो हेच विसरून जातं.

याच्या जोडीला चढउतार असतात. सकाळी माणूस जवळजवळ नेहमीसारखं वाटतं, संध्याकाळनंतर बिघडतं, मध्यरात्री घरी जायचं म्हणून उठून बसतं. डॉक्टरांची फेरी सकाळी होते तेव्हा ते शांतपणे ‘बरं आहे’ म्हणतं आणि रात्रभर जागलेल्या मुलाचं कुणी मनावर घेत नाही. असं झालं तर मुलाने मागे हटू नये. चढउतार हे या आजाराचं लक्षणच आहे. रात्री काय पाहिलं, किती वाजता पाहिलं, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्यावं.

झोपेचं चक्र उलटतं. भिंतीवर किडे दिसतात, खोलीत नसलेली माणसं दिसतात, सलाइनची नळी सापासारखी वाटते. कुणीतरी आपल्याला डांबून ठेवलंय अशी पक्की खात्री होते. बोटं पांघरुणाचे धागे ओढत राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे वेड वाटतं. आतून ते जागेपणी पडलेलं भयानक स्वप्न असतं आणि ज्याला ते पडतं त्याच्या दृष्टीने खरंच असतं.

गप्प बसलेला संभ्रम

आतापर्यंतचं वर्णन आरडाओरड्याचं झालं. तो प्रकार निदान लक्षात तरी येतो. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे आणि वृद्धांत तोच अधिक आढळतो. माणूस शांत होतं. जेवण पुढ्यात ठेवलं तर दोन घास खातं, मग घास तोंडात तसाच. दिवसभर झोपतं, हाक मारली की डोळे उघडतं, ‘हं’ म्हणतं, परत मिटतं. काही त्रास नाही, तक्रार नाही. वॉर्डमध्ये अशा रुग्णाचं कौतुक होतं, ‘आजोबा किती शांत आहेत.’ घरी म्हणतात, ‘थकलेत, झोपू दे त्यांना.’

खाटेवरून उतरायला धडपडणाऱ्या रुग्णाकडे सगळे धावतात, पण गप्प पडलेला रुग्ण उशिरा सापडतो. तोवर पाणी कमी पडून शरीर कोरडं झालेलं असतं, पाठीवर जखमा सुरू झालेल्या असतात, घास श्वासनलिकेत जाऊन छातीत संसर्ग झालेला असतो. या प्रकारात पुढचे परिणाम अनेकदा जास्त वाईट होतात त्याचं एक मोठं कारण हा उशीर. काही रुग्णांत दोन्ही प्रकार आलटून पालटून दिसतात.

नैराश्याशीही याची गल्लत होते. नैराश्यातलं माणूस उदास असलं तरी प्रश्न नीट ऐकतं आणि मुद्द्याला धरून उत्तर देतं, मग ते ‘मला बोलायचं नाही’ असं का असेना. संभ्रमातल्या माणसाला प्रश्नच धरून ठेवता येत नाही. एरवी बोलकं असलेलं म्हातारं माणूस दोन दिवसांत मुकं झालं, तर ‘मन लागत नसेल’ म्हणून सोडून देऊ नका. मला विचाराल तर या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवावी.

मेंदूच का डगमगतो?

तरुण माणसाला लघवीचा संसर्ग झाला तर जळजळ होते, ताप येतो, आणि तो डॉक्टरकडे जातो. ऐंशीच्या माणसाला तोच संसर्ग झाला तर कधी कधी पहिलं लक्षण म्हणजे तो आपल्याच घरात ‘घरी चला’ म्हणू लागतो. असं का व्हावं?

काठोकाठ भरत आलेल्या भांड्यात थोडंसं पाणी पडलं तरी ते सांडतं आणि अर्धं रिकामं भांडं बरंच पाणी पोटात घेतं. वयाबरोबर मेंदूतली ही रिकामी जागा कमी होते. आधीपासून थोडा स्मृतिभ्रंश असेल, पूर्वी पक्षाघात होऊन गेला असेल, दिसायला-ऐकायला कमी येत असेल, मूत्रपिंडं मंद झाली असतील, पार्किन्सन असेल, तर ती जागा आणखी घटते. मग निमित्त अगदी किरकोळ पुरतं: एक नवी गोळी, तीन दिवसांचा बद्धकोष्ठ, अनोळखी खोलीत घालवलेली एक जागी रात्र. उलट तरणाताठा मेंदू भरकटवायला मोठा न्यूमोनिया, गंभीर जंतुदोष किंवा मोठी शस्त्रक्रिया लागते. म्हणून ‘एवढ्याशा कारणाने असं होईल का?’ हा प्रश्न वृद्धांच्या बाबतीत फसवतो. एवढंसं कारण पुरतं, आणि बहुतेक वेळा अशी तीन-चार कारणं एकत्र आलेली असतात.

मेंदूच्या आत बरंच काही एकाच वेळी घडतं. संसर्गाशी लढताना शरीरात जी दाहकारक द्रव्यं सुटतात ती मेंदूपर्यंत परिणाम करतात. अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन लक्ष आणि स्मृतीसाठी लागतं, ते कमी पडतं. प्राणवायू, साखर, क्षार यांपैकी कशाचीही ओढाताण झाली की चेतापेशींचा एकमेकींशी चाललेला संवाद तुटक होतो.

निमित्त शोधताना

सर्वांत आधी औषधं पाहावीत. हे कारण दुरुस्त करायला सोपं असूनही तिकडे सगळ्यांत शेवटी लक्ष जातं. अ‍ॅसिटिलकोलिनला अडवणारी औषधं आपण औषध म्हणून मोजतही नाही इतकी साधी असतात. सर्दी-खोकल्याच्या आणि खाजेच्या जुन्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन, पोटात मुरडा आला की घेतलं जाणारं डायसायक्लोमिन, लघवी वारंवार होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी किंवा मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, कंपासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल. एकेकटं औषध कदाचित चालूनही गेलं असतं. पण एक हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं, एक मूत्ररोगतज्ज्ञांनी दिलेलं आणि एक घरच्या कपाटातून काढलेलं, असं तिन्ही मिळून मेंदूवर भार टाकतात. प्रत्येक डॉक्टरांसमोर आपापलाच कागद असतो, सगळे कागद कुणासमोरच नसतात. शिवाय झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामकं, स्टिरॉइड्स, मूत्रपिंडं मंद असताना नेहमीच्याच मात्रेत चालू राहिलेलं मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं गॅबापेन्टिन किंवा प्रेगाबालिन, यांनीही संभ्रम होतो.

औषध सुरू केल्याने जसं होतं तसं बंद केल्यानेही होतं. वर्षानुवर्षं रात्री घेतलेली झोपेची गोळी रुग्णालयात गेल्यावर यादीत लिहायची राहते आणि दोन दिवसांनी हात थरथरायला लागतात, माणूस भ्रमात जातं. दारूचंही तेच. रोज पिणाऱ्या माणसात शेवटच्या पेल्यानंतर साधारण दोन ते चार दिवसांत तीव्र संभ्रम होऊ शकतो आणि तो जिवावर बेतणारा असतो. इथे लाज बाळगणं महागात पडतं. आजोबा रोज किती घेतात हे डॉक्टरांना खरं सांगा, पाहुण्यांना सांगू नका हवं तर.

दुसरा मोठा गट पाणी आणि क्षारांचा. वय वाढतं तशी तहान लागण्याची जाणीव बोथट होते, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकद कमी होते, आणि रात्री उठायला नको म्हणून अनेक वृद्ध संध्याकाळनंतर मुद्दाम पाणी टाळतात. रक्तदाबासाठी दिलेल्या काही लघवीच्या गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधं रक्तातलं सोडियम उतरवतात. ते एरवी प्रति लिटर १३५ ते १४५ मिलिमोल असतं आणि झपाट्याने खाली गेलं की माणूस आधी सुस्त, मग गोंधळलेलं, मग झटक्यांपर्यंत जाऊ शकतं. साखर फार उतरली किंवा फार चढली तरी तसंच. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण टाळलं आणि तासाभरात असंबद्ध बोलू लागला, तर घरच्या यंत्रावर साखर तपासणं हे पहिलं काम.

संसर्गाबाबत एक इशारा. वृद्धांत ताप नसला म्हणजे संसर्ग नाही असं नव्हे. त्यांचं नेहमीचं तापमानच थोडं कमी असतं, त्यामुळे नेहमीपेक्षा २ अंश फॅरेनहाइटने वाढ झाली तरी तो ताप समजावा, थर्मामीटर १०० खाली का दाखवेना. न्यूमोनियात कधी कधी खोकला नसतो, श्वास मात्र जलद चालतो. हृदयविकाराचा झटका कधी छातीत न दुखता येतो आणि दिसतो तो फक्त गोंधळ आणि घाम.

दुसरा इशारा याच्या उलट बाजूचा आहे आणि तो कमी ऐकायला मिळतो. वृद्धांच्या, विशेषतः स्त्रियांच्या लघवीत कुठलाही त्रास नसताना जंतू सापडणं अगदी सामान्य आहे. त्यामुळे लघवीची तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली की कारण सापडलं असं म्हणून प्रतिजैविक सुरू करायचं आणि शोध तिथेच थांबवायचा, ही पळवाट आहे. जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं यांपैकी काहीच नसेल, तर खरं कारण दुसरीकडे असण्याची शक्यता मोठी आहे.

आणि मग अगदी घरगुती कारणं, ज्यांचा उल्लेख करायला लोक संकोचतात. शौचाला किती दिवस झाली नाही? लघवी नीट होते का, की पोट खाली फुगलंय आणि थेंब थेंब होतेय? प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची तुंबलेली लघवी मोकळी केल्यावर लवकरच तो भानावर येऊ लागतो, असे प्रसंग डॉक्टरांना नवे नाहीत. कुठे दुखतंय का? बोलता न येणाऱ्या माणसाची वेदना चेहऱ्यावर, कण्हण्यात, एका कुशीला वळू न देण्यात दिसते. वेदना दाबून ठेवली तरी संभ्रम होतो आणि वेदनाशामक जास्त झालं तरी होतो, त्यामुळे वेदनाशामक नकोच असा हट्ट धरू नये. गेल्या काही आठवड्यांत पडणं झालं होतं का? रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला बसलेला साधा मारही मेंदूभोवती सावकाश रक्त साचवत राहू शकतो आणि त्याचा परिणाम कित्येक दिवसांनी दिसतो.

आधीच स्मृतिभ्रंश असेल तर

इथे सर्वांत जास्त गफलत होते. ज्याला आधीच विसरायला होतं त्याचा गोंधळ वाढला, तर ‘आजार पुढे सरकला’ असं सगळे धरून चालतात. स्मृतिभ्रंश असा दोन दिवसांत उडी मारत नाही. उडी मारली असेल तर त्यावर काहीतरी दुसरं येऊन बसलंय आणि ते बहुधा बरं करता येण्यासारखं आहे. स्मृतिभ्रंश असलेल्यांना संभ्रमाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे त्यांच्याबाबतीत शंका आधी घ्यावी.

डॉक्टर यासाठी छोट्या प्रश्नावल्या वापरतात. अमेरिकी वृद्धरोगतज्ज्ञ शॅरन इनोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली ‘कॅम’ ही पद्धत जगभर चालते. अलीकडची ‘फोर-एटी’ चाचणी दोन मिनिटांत होते. तिच्यात जागेपणा, वय-जन्मतारीख-ठिकाण-चालू वर्ष, उलटे महिने आणि अचानक झालेला बदल अशा चारच गोष्टी पाहतात. शेवटच्या गोष्टीचं उत्तर घरच्यांशिवाय कोण देणार? ‘हे नेहमीपेक्षा जास्त गोंधळलेत का?’ या एका प्रश्नाला तुमच्याकडून ‘हो’ आलं, तर पुढच्या तपासण्यांना दिशा मिळते.

डॉक्टरांकडे जाताना

अचानक आलेला संभ्रम ही तातडीची बाब आहे. पुढच्या आठवड्याची वेळ घेण्यासारखी नाही, त्याच दिवशी दाखवण्यासारखी. चेहरा वाकडा झाला, एका हातातली ताकद गेली, शब्द फुटेनात किंवा चुकीचेच शब्द येऊ लागले, तर हा पक्षाघात असू शकतो. तिथे मिनिटं मोजायची असतात, सरळ रुग्णवाहिका बोलवावी. श्वास लागणं, छातीत दुखणं, झटके, उठवूनही न उठणं, डोक्याला मार, यांनाही तोच नियम.

सोबत काय न्यायचं? औषधांची यादी नव्हे, औषधंच. सगळ्या पट्ट्या, थेंब, मलम, झाडपाल्याची चूर्णं, शेजाऱ्याने दिलेली गोळी, सगळं एका पिशवीत. चष्मा आणि श्रवणयंत्र, बॅटरीसह. आणि तोंडी नको, लिहून नेलेल्या चार ओळी: शेवटचं पूर्ण ठीक कधी होते, पहिला बदल काय दिसला, गेल्या पंधरवड्यात कोणतं औषध सुरू किंवा बंद झालं, खाणंपिणं-शौच-लघवी-झोप कशी आहे. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून या गोष्टी क्रमाने येत नाहीत.

रुग्णालयात साधारणपणे रक्ताची, क्षारांची, साखरेची, मूत्रपिंड-यकृताची तपासणी होते, प्राणवायूचं प्रमाण, छातीचा फोटो, ईसीजी, गरज पडली तर मेंदूचा स्कॅन. स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. पुष्कळ घरी ‘डोक्याचा स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे काही नाही’ असा निष्कर्ष निघतो तो चुकीचा आहे. बिघाड मेंदूत नसून रक्तात, फुप्फुसात किंवा गोळ्यांच्या पिशवीत असतो, तेव्हा स्कॅन नॉर्मलच येणार.

उपचार म्हणजे बहुतांशी सोबत

संभ्रम बरा करणारी गोळी अस्तित्वात नाही. कारणावर उपचार करायचे आणि तोवर मेंदूला सावरायला मदत करायची. ही मदत दिसायला इतकी साधी असते की तिला उपचार म्हणायला लोक धजत नाहीत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात इनोय यांच्याच गटाने सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटासाठी काय केलं? वेळोवेळी दिवस-तारीख-ठिकाण सांगितलं, चष्मा आणि श्रवणयंत्र लावून दिलं, रोज उठवून चालवलं, पाणी पाजलं, रात्री आवाज आणि ये-जा कमी केली. या गटात ९.९ टक्के रुग्णांना संभ्रम झाला, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात १५ टक्क्यांना. मात्र एकदा संभ्रम झाला की त्याची तीव्रता या उपायांनी फारशी कमी झाली नाही. म्हणजे हे सगळं पहिल्या दिवसापासून करायचं, गोंधळ दिसल्यावर नव्हे.

बोलताना वाक्य छोटं, एका वेळी एकच गोष्ट, समोर बसून, चेहरा दिसेल असं. ‘आई, मी आहे. तू दवाखान्यात आहेस. पायाचं ऑपरेशन झालंय. मी इथेच बसणार आहे.’ दहा वेळा सांगावं लागलं तर दहा वेळा, त्याच सुरात. ‘आत्ताच सांगितलं ना!’ याने काही साधत नाही. नातेवाइकांनी येऊन ‘मला ओळखलं का? सांगा बरं मी कोण?’ अशी परीक्षा घेणं बंद करावं. आत येतानाच आपलं नाव सांगून टाकावं.

भास होत असतील तर वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. ‘बाबा, मला ते किडे दिसत नाहीत, पण तुम्हाला भीती वाटतेय हे कळतंय. मी तुमच्याजवळच आहे’ एवढं पुरे. मग हलकेच विषय बदलावा, खोलीतला उजेड वाढवावा. कधी कधी किडे म्हणजे पडद्यावरची नक्षी असते. दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा, समोर मोठं घड्याळ, आणि ओळखीची एक-दोनच माणसं आळीपाळीने. आठ जणांचा घोळका नको.

हातपाय बांधणं शक्य तितकं टाळायलाच हवं. बांधलेलं माणूस आणखी घाबरतं, आणखी ओढाताण करतं, इजा होते. नळ्यांचंही थोडं तसंच आहे. लघवीची नळी माणसाला खाटेला खिळवून ठेवते आणि संसर्गालाही वाट देते, म्हणून ‘ही अजून लागते का?’ असं रोज विचारावं. हा प्रश्न उद्धट नाही. परिचारिका बहुतेक वेळा त्याचं स्वागतच करतात.

शांत करणाऱ्या औषधांबद्दल. रुग्णाला किंवा इतरांना धोका असेल, भीती अनावर असेल आणि बाकी उपाय थकले असतील, तेव्हा डॉक्टर थोड्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी हॅलोपेरिडॉलसारखं औषध देतात. त्याने संभ्रम लवकर बरा होत नाही, फक्त तो प्रसंग निभतो. पार्किन्सन किंवा ल्युई बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश असलेल्यांना हे औषध धोकादायक ठरतं, त्यामुळे तो इतिहास आधीच ठळकपणे सांगावा. झोपेच्या गोळ्या सहसा संभ्रम वाढवतात. दारू किंवा झोपेचीच गोळी अचानक सुटल्याने झालेला संभ्रम हा त्याला अपवाद. घरात उरलेली गोळी ‘आजची रात्र तरी जाऊ दे’ म्हणून आपल्या मनाने देऊ नये, मग रात्र कितीही लांबली तरी. हे लिहिणं सोपं आहे आणि तिसऱ्या जागरणाला पाळणं फार अवघड, हे मान्य. म्हणून रात्रीची पाळी वाटून घेणं ही चैन नाही. एकाच माणसावर सगळं पडलं की तिसऱ्या दिवशी तो ओरडतो किंवा गोळी देतो.

बरं होताना

कारण हटलं की काहींचा गोंधळ दोन दिवसांत निवळतो, काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. काहीजण पूर्वीच्या पातळीवर पूर्ण येत नाहीत. संभ्रम होऊन गेलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंश दिसण्याचं प्रमाण जास्त असतं. कधी तो आधीच दबक्या पावलांनी आलेला असतो आणि या प्रसंगाने उघडा पडतो. म्हणून काही महिन्यांनी स्मरणशक्तीची शांतपणे तपासणी करून घ्यावी. दवाखान्यातून घरी आल्या दिवशी मृत्युपत्र, घराची विक्री, बँकेची कागदपत्रं असले निर्णय काढू नयेत.

एका गोष्टीची दखल फार कमी घेतली जाते. बऱ्याच जणांना त्या दिवसांतलं काही ना काही आठवत राहतं, तुकड्यातुकड्यांत. मुलाला शिव्या दिल्या होत्या, परिचारिका विष घालतेय असं वाटलं होतं, कपडे काढून टाकले होते. मग शरमेने ते गप्प होतात, किंवा आपल्याला वेड लागणार या भीतीने आतल्या आत कुढतात. घरातलं कुणी त्या दिवसांची नक्कल करून हसत असेल तर त्याला तिथेच थांबवा. त्याऐवजी वेळ पाहून सांगावं, ‘तुम्हाला न्यूमोनिया झाला होता, त्याने मेंदूवर तात्पुरता परिणाम झाला, असं पुष्कळांना होतं. काय काय आठवतंय?’ विचारल्याशिवाय बहुतेक जण बोलत नाहीत.

एकदा संभ्रम झाला की पुन्हा होण्याची शक्यता वाढते. पुढे मोतीबिंदूची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगायला हवं की मागच्या वेळी असं झालं होतं, कशाने झालं होतं आणि कोणत्या औषधाने बिघडलं होतं.

आणि घरी आल्या आल्या डिस्चार्जचा कागद औषधांच्या पिशवीशेजारी ठेवून एकेक नाव जुळवा. रुग्णालयातल्या त्या वाईट रात्रींसाठी सुरू केलेलं शांत करणारं औषध अनेकदा कागदावर तसंच पुढे येतं आणि महिनोन्‌महिने चालू राहतं, कारण ते थांबवायची तारीख कुणी लिहिलेलीच नसते. ते का दिलं होतं, अजून लागतं का, आणि कसं कमी करायचं, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा आणि थांबवण्याची तारीख त्यांच्याकडूनच त्या कागदावर लिहून घ्या.